सॅफ्रन वॉल्डनची इतिहासफेरी: बाजारात भक्कम, चर्चमध्ये उणी

इंग्लंडच्या एसेक्स काउंटीच्या वायव्य टोकाला, केंब्रिजच्या दक्षिणेस साधारण १५ मैलांवर, सॅफ्रन वॉल्डन हे बाजारपेठेचे जुने गाव आहे. इतिहासाची आवड असलेले तेथील काही रहिवासी पाहुण्यांना गाव पायी फिरवून दाखवतात. त्यांच्या या फेरीचे हे परीक्षण आहे. फेरी सुमारे दोन तास चालते, शुल्क माणशी दहा पौंडांच्या आत आहे, आणि एका मार्गदर्शकामागे दहा-बारांहून अधिक माणसे घेतली जात नाहीत. अशा फेऱ्या इंग्लंडमधील बऱ्याच जुन्या गावांत निघतात. त्यांतील अनेक राजेराण्या, भुतेखेते आणि ‘येथे अमका मुक्कामाला होता’ एवढ्यावर भागवतात. या मंडळींनी मात्र एक प्रश्न हाती धरला आहे: या गावात पैसा कोठून आला, तो कोणाच्या हाती गेला आणि त्यातून काय उभे राहिले? मार्गदर्शक जोवर हा प्रश्न सोडत नाहीत तोवर फेरी फार चांगली होते. त्यांनी तो सोडला की ती सैल पडते, आणि असे जेथे घडते त्यांतील एक जागा गावाच्या इतिहासात सर्वांत मोलाची आहे.

सुरुवात बाजारचौकात होते. बाराव्या शतकात राजा स्टीफन आणि सम्राज्ञी मटिल्डा यांच्यात गादीसाठी यादवी चालू होती. दोघांनाही जेफ्री द मँडव्हिल या बलाढ्य सरदाराची गरज होती आणि तो आपली निष्ठा चढ्या भावाने विकत होता. ११४१ मध्ये मटिल्डाने त्याला दिलेल्या सनदेत इतर अनेक देण्यांबरोबर शेजारच्या न्यूपोर्ट गावचा बाजार वॉल्डनला, त्याच्या किल्ल्याच्या पायथ्याशी, हलवण्याची परवानगी होती. न्यूपोर्ट खेडेच राहिले आणि वॉल्डनची पेठ वाढली. ही हकीकत मार्गदर्शकांनी चौकात उभे राहून, कोणतीही नाटकी उसंत न घेता सांगितली. बाजार ही आपोआप उगवणारी गोष्ट नसून कोणीतरी कोणाकडून तरी काढून आणलेला हक्क असतो, हे त्यामुळे पहिल्या पाच मिनिटांतच श्रोत्यांच्या लक्षात येते. बाजार आजही मंगळवारी आणि शनिवारी भरतो.

चौकाला लागून अरुंद गल्ल्यांचे एक जाळे आहे: बुचर रो, मर्सर्स रो, मार्केट रो. फेरीतील सर्वांत उत्तम वेळ या गल्ल्यांत जातो. मूळ बाजाराचे पटांगण आजच्या चौकापेक्षा बरेच मोठे होते. त्यात खाटकांनी, कापडवाल्यांनी आपापल्या ओळींत पालं टाकावीत आणि सायंकाळी उचलून न्यावीत, अशी रीत होती. पुढे काही पालं उचललीच गेली नाहीत. पालांचे गाळे झाले, गाळ्यांवर मजले चढले आणि दोन ओळींमधली गिऱ्हाइकांची वाट तेवढी गल्ली म्हणून उरली. मार्गदर्शक हे सारे सांगून झाल्यावर दोन भिंतींमधले अंतर पावलांनी मोजायला लावतात आणि मग जवळच्या क्रॉस स्ट्रीटवरील मध्ययुगाच्या अखेरच्या काळातील दुकानाच्या कमानदार लाकडी खिडक्या दाखवतात. अतिक्रमण नावाच्या ज्या गोष्टीवर नगरपालिका एरवी कपाळाला हात लावतात, तिनेच या गावाचा नकाशा घडवला आहे, ही गंमत त्यांनी न बोलता श्रोत्यांवर सोपवली, हे मला आवडले.

चौकातील इमारतींबद्दलही ते असेच सावध आहेत. नगरभवनाचा लाकडी पट्ट्यांचा, ट्यूडर काळातला वाटणारा दर्शनी भाग हा चौकात सर्वाधिक छायाचित्रे घेतली जाणारा भाग असावा. प्रत्यक्षात तो १८७९ चा आहे आणि त्याच्या मागची मूळ इमारत अठराव्या शतकातली आहे. शेजारचे इटालियन धाटणीचे धान्यबाजाराचे सभागृह १८४७-४८ मध्ये बांधले गेले. १९७० च्या दशकात पाडण्याच्या बेतातून ते वाचले आणि आता तेथे ग्रंथालय आहे.

केशराचा भाग फेरीत सर्वाधिक वेळ घेतो आणि ते योग्यच आहे, कारण गावाच्या नावातच ते आहे. पूर्वी चेपिंग वॉल्डन म्हणून ओळखले जाणारे हे गाव सोळाव्या शतकात केशरामुळे आजच्या नावाने ओळखले जाऊ लागले. एका यात्रेकरूने पूर्वेकडून पोकळ काठीत लपवून केशराचा कंद आणला, ही सोळाव्या शतकाच्या अखेरीस नोंदवली गेलेली आख्यायिका मार्गदर्शक सांगतात, पण तिला पुराव्याचा आधार नाही हेही लगेच जोडतात. त्यानंतर मात्र ते थेट शेतात शिरतात. जांभळे फूल शरद ऋतूत, पाने धड वाढण्याआधीच येते. ते पहाटे पूर्ण उमलण्यापूर्वी खुडावे लागते. प्रत्येक फुलात तीनच लाल तंतू असतात आणि एका ग्रॅम सुक्या केशरासाठी सुमारे १५० फुले लागतात. वेचलेले तंतू कागदांच्या थरांत पसरून लहानशा भट्टीवर ठेवत, वर फळी आणि वजन ठेवून दाबत आणि मंद आचेवर त्यांची वडी करीत. केशर उत्पादकांना त्या काळी क्रोकर म्हणत. कंद सुमारे तीन वर्षे जमिनीत ठेवून मग उपटत, निवडत आणि दुसऱ्या शेतात लावत. चुनखडीच्या, पाण्याचा निचरा होणाऱ्या इथल्या जमिनीला हे पीक मानवले.

रंगारी, औषधविक्रेते आणि स्वयंपाकी अशी तिन्ही गिऱ्हाइके या मालाला होती. वजनाच्या मानाने किंमत प्रचंड असल्यामुळे नदीबंदर नसलेल्या गावालाही हा व्यापार परवडला, हा मुद्दा मार्गदर्शकांनी नेमका पकडला आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत शेती संपली. बाहेरून येणारे केशर स्वस्त पडू लागले, कपड्यांच्या आणि जेवणाच्या आवडी बदलल्या, आणि एवढ्या मजुरीचे पीक घेण्यापेक्षा बार्ली पेरणे सोपे झाले. एवढे नेटके विवेचन ऐकल्यावर एक उणीव जाणवते. पहाटेच्या दवात वाकून हजारो फुले खुडणारे हात कोणाचे होते, त्यांना काय मिळत होते, याबद्दल एक शब्दही येत नाही. वड्या विकणाऱ्याचा हिशेब मांडणाऱ्या फेरीने वेचणाऱ्याच्या मजुरीचा प्रश्न निदान विचारायला हवा होता.

केशरानंतर बार्ली आणि तिच्यापासून बनणारे माल्ट, आणि माल्टनंतर बँक, असा पुढचा प्रवास आहे. १७६९ मध्ये स्टॉर्ट नदी बिशप्स स्टॉर्टफर्डपर्यंत नौकानयनास खुली झाली, तेव्हा लंडनच्या मद्यभट्ट्यांकडे जाणाऱ्या मालाचा रस्ता सोपा झाला; वॉल्डनचे माल्ट तेथवर गाड्यांतून न्यावे लागे, पण पुढचा प्रवास पाण्यातून होई. या धंद्यातून गिब्सन हे क्वेकर, म्हणजे अधिकृत चर्चबाहेरच्या एका ख्रिस्ती पंथाचे, कुटुंब वर आले. क्वेकर मंडळी धार्मिक कारणाने शपथ घेत नसत. अँग्लिकन चर्चबाहेरच्या लोकांना सार्वजनिक पदे अडवणारे कायदे १८२८ पर्यंत लागू होते आणि १५ मैलांवरच्या केंब्रिजची पदवीही एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत त्यांना मिळत नव्हती. उरला तो व्यापार, आणि त्यात शब्दाला जागण्याची त्यांची ख्याती हेच भांडवल झाले. बाजारचौकावर १८७४ मध्ये विल्यम ईडन नेसफील्ड यांच्या आराखड्यानुसार उभी राहिलेली विटांची भव्य इमारत याच कुटुंबाच्या बँकेची. १८९६ मध्ये जी वीस खासगी बँकघराणी एकत्र येऊन बार्कलेज अँड कंपनी बनली, त्यांत ही बँकही होती.

जॉर्ज स्टेसी गिब्सन याच्याविषयी मार्गदर्शक भरभरून बोलतात आणि तो माणूस आहेही तसाच: बँकर, एसेक्सच्या वनस्पतींचा गाढा अभ्यासक, नगरभवनाच्या विस्ताराचा खर्च उचलणारा दाता. लोहमार्गाची हकीकत त्याच्याभोवतीच फिरते. लंडन-केंब्रिज मार्ग १८४५ मध्ये सुरू झाला तो गावाला दोन मैल बाजूला टाकून. ज्यांच्या जमिनीतून तो जाणार होता त्या ऑडली एंडच्या लॉर्ड ब्रेब्रुक यांच्या वाड्यातून गाड्या दिसू नयेत म्हणून बोगदे खणले गेले. गावापर्यंतचा फाटा १८६५ मध्ये आला तो प्रामुख्याने गिब्सनच्या खटपटीमुळे, आणि १९६४ मध्ये प्रवाशांसाठी बंद झाला. मार्गदर्शकांचे येथे एक निरीक्षण आहे: मुख्य मार्ग चुकल्यामुळे मोठे कारखाने आले नाहीत, आणि जुनी घरे पाडण्याइतका पैसा कोणाला सुटला नाही. मला ते पटते. तरी एक दाता आणि त्याची दानशूर बिरादरी एवढ्यातच एकोणिसावे शतक गुंडाळले जाते, हे खटकते.

तेथून फेरी चर्च स्ट्रीटवरील जुन्या सन इनकडे वळते. चौदाव्या शतकाच्या या इमारतसमूहावरील गिलाव्याची उठावदार नक्षी पाहण्यासाठी एवढ्या लांब यायला हरकत नाही. पाने, पक्षी, फळे आणि एका कपाळपट्टीवर समोरासमोर ठाकलेले दोन धिप्पाड पुरुष: लोककथेतील टॉम हिकथ्रिफ्ट आणि विस्बेकचा राक्षस. नक्षीवर १६७६ हे साल आहे. मार्गदर्शक येथे गोष्टीत रमतात, आणि हा गिलावा करवून घेणे त्या काळी किती खर्चाचे होते, शेजाऱ्यांना आपली ऐपत दाखवण्याचा तो मार्ग होता का, हे विचारत नाहीत. सतराव्या शतकातील यादवीत संसदेच्या बाजूने लढलेला सेनानी ऑलिव्हर क्रॉमवेल येथे उतरला होता, ही परंपरागत समजूत मात्र सांगितली जाते.

आता त्या मोलाच्या जागेविषयी. सेंट मेरी द व्हर्जिन हे एसेक्समधील सर्वांत भव्य पॅरिश चर्चपैकी एक. साधारण १४५० ते १५२५ या काळात, गावाच्या भरभराटीत ते नव्याने बांधले गेले. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेज चॅपेलचे काम करणारे सायमन क्लार्क आणि जॉन वॅस्टेल हे गवंडी येथेही होते, आणि दगडी कोरीवकामात केशराचे फूलही सापडते. १९३ फूट उंचीचा शिखराचा सुळका १८३२ चा आहे. आत राजा आठव्या हेन्रीचा चान्सलर, म्हणजे प्रमुख मंत्री व न्यायाधिकारी, लॉर्ड ऑडली याची काळ्या दगडाची कबर आहे. आधीचा चान्सलर टॉमस मोर याच्या खटल्यात तोच अध्यक्षस्थानी होता, आणि हेन्रीने देशातले मठ बरखास्त केल्यावर १५३८ मध्ये वॉल्डनच्या मठाची मालमत्ता त्याच्या पदरात पडली. पुढे त्याच जागेवर ऑडली एंडचा महाल उभा राहिला. गावाशेजारच्या सर्वांत मोठ्या जमीनमालकाची अशी अदलाबदल झाली, तर बाजारावर आणि कुळांच्या खंडावर काय परिणाम झाला असेल? ‘पैसा कोठून कोठे गेला’ हे विचारणाऱ्या फेरीने येथे किमान पाच मिनिटे थांबायला हवे होते. कबर दाखवली जाते, एक किस्सा होतो आणि गट पुढे सरकतो.

याहून मोठी चूक १६४७ च्या बाबतीत होते. राजा पहिल्या चार्ल्सविरुद्धची यादवी जिंकलेल्या संसदेच्या नव्या फौजेचा तळ त्या वसंतात सॅफ्रन वॉल्डन परिसरात होता. संसदेला फौज मोडून काही तुकड्या आयर्लंडला पाठवायच्या होत्या. पण पायदळाचा १८ आठवड्यांचा आणि घोडदळाचा ४३ आठवड्यांचा पगार थकला होता, आणि युद्धात केलेल्या कृत्यांबद्दल पुढे खटले भरले जाणार नाहीत याची हमीही शिपायांना हवी होती. मे महिन्यात क्रॉमवेल, आयर्टन, स्किपन आणि फ्लीटवुड हे संसदेचे प्रतिनिधी म्हणून आले आणि याच चर्चमध्ये फौजेच्या अधिकाऱ्यांशी बोलणी झाली. रेजिमेंटांनी आपले प्रतिनिधी निवडून दिले होते, आणि संसदेने देऊ केलेली काही आठवड्यांची रक्कम त्यांना मान्य नव्हती. थकलेल्या पगारापासून निघालेली ही चर्चा पाच-सहा महिन्यांत लंडनजवळ पटनी येथे पोहोचली, तेव्हा मतदानाचा हक्क कोणाला असावा, येथपर्यंत तिने मजल मारली होती.

हे सारे या फेरीच्या सूत्रात किती चपखल बसते! बाजार, केशर, माल्ट आणि बँक यांच्या रांगेत चर्चमधला हा वाद म्हणजे हिशेबाचाच वाद आहे. फरक एवढाच की येथे घेणेकरी शिपाई होते आणि देणेकरी संसद. एरवी एवढे चाणाक्ष असलेले मार्गदर्शक चर्चमध्ये मात्र ‘क्रॉमवेल या छताखाली उभा होता’ असे सांगून मान वर करायला लावतात. छत सुंदर आहे, यात शंका नाही. पण ज्या गावात सामान्य शिपायांच्या मागणीला एवढी राजकीय धार आली, तेथे ती मागणी काय होती हे पाहुण्याला कळू नये, हे या फेरीचे सर्वांत मोठे अपयश आहे. आमच्या गटातील एका बाईंनी पगाराविषयी प्रश्न विचारला तेव्हा उत्तर व्यवस्थित मिळाले. म्हणजे माहिती आहे. तिला वेळापत्रकात जागा दिलेली नाही.

चर्चच्या आवारात हेन्री विन्स्टन्ली भेटतो. १६४४ साली याच गावात जन्मलेल्या या माणसाने शेजारच्या लिटलबरीत यांत्रिक करामतींचे घर बांधले, ते पैसे घेऊन लोकांना दाखवले, आणि पुढे प्लिमथसमोरच्या एडिस्टन खडकावर पहिला दीपस्तंभ उभारला. १६९८ मध्ये त्याचा दिवा लागला. १७०३ च्या नोव्हेंबरातील महावादळात दीपस्तंभ नाहीसा झाला, आणि त्या रात्री त्यावर मुक्कामाला असलेला विन्स्टन्लीही. मार्गदर्शकांनी ही गोष्ट मोजक्या शब्दांत सांगितली, आणि तिकीट लावून करमणूक विकणारा म्हणूनच त्याची ओळख करून दिली. ती नेमकी बसली.

ब्रिज एंड गार्डन ही एकोणिसाव्या शतकातील बाग फेरीत चालता चालता उरकली जाते. ती सवडीने स्वतंत्र पाहावी. किल्ल्याच्या गारगोटीच्या भिंतींचे अवशेष आणि त्यांना लागून असलेले, १८३५ मध्ये खुले झालेले संग्रहालय येथे फेरी थोडी थांबते, आत जात नाही. बाहेरच सांगितला जाणारा एक प्रसंग मात्र ऐकण्याजोगा आहे. १८५१ च्या लंडनमधील महाप्रदर्शनात भारतातून आलेली शाही अंबारी मांडायची होती, पण ती ठेवायला हत्ती मिळेना. अखेर या छोट्या गावच्या संग्रहालयातला पेंढा भरलेला हत्ती क्रिस्टल पॅलेसमध्ये नेण्यात आला. हत्ती आफ्रिकी होता. प्रेक्षकांतील किती जणांच्या ते लक्षात आले असेल, कोण जाणे.

शेवट गावाच्या सामायिक कुरणावर, हिरवळीत कोरलेल्या चक्रव्यूहापाशी होतो. सुमारे मैलभर लांबीची एकच वाट वळसे घेत मध्याकडे जाते. फाटे नाहीत, त्यामुळे चुकायला जागा नाही. १६९९ च्या हिशेबात तो पुन्हा कोरल्याचा खर्च नोंदलेला आहे, म्हणजे मूळ रचना त्याहून जुनी. येथे मार्गदर्शक पुन्हा जमाखर्चाकडे येतात आणि फेरीचा सूर परत लागतो: केवळ गवत असलेली ही वास्तू दर काही वर्षांनी कोणी तरी पैसे मोजून कोरून घेतल्याशिवाय टिकली नसती. पूर्ण वाट चालायची तर फेरी संपल्यावर वेगळा वेळ काढावा लागतो.

व्यवस्थेविषयी काही सूचना. मंगळवारी किंवा शनिवारी गेल्यास गल्ल्यांचा अर्थ डोळ्यांसमोर दिसतो, परंतु गर्दीत मार्गदर्शकांचा आवाज मागच्या माणसांपर्यंत पोहोचत नाही. लहान ध्वनिवर्धक वापरायला हरकत नसावी. गाव उतारावर वसलेले आहे, काही ठिकाणी फरसबंदी खडबडीत आहे, आणि चाकांची खुर्ची वापरणाऱ्यांसाठी पर्यायी मार्ग आधी सांगितल्यास आखून देतात, ही चांगली सोय आहे. लहान मुलांना राक्षस आणि चक्रव्यूह आवडतील, मधला बँकेचा भाग नाही. नोंदणी आधी करावी लागते आणि पाऊस असला तरी फेरी निघते. शेवटी दिल्या जाणाऱ्या छापील पत्रकाचा नकाशा उत्तम आहे, पण त्यात सालांचा क्रम लावलेला नाही, त्यामुळे घरी आल्यावर कोणती गोष्ट आधीची हे जुळवत बसावे लागते.

लंडनच्या लिव्हरपूल स्ट्रीटहून ऑडली एंड स्थानकापर्यंत साधारण तासाभराचा प्रवास आहे. स्थानक गावापासून दोन मैल दूर असल्याने तेथून बस किंवा टॅक्सी घ्यावी, अथवा पाऊण तास चालण्याची तयारी ठेवावी. ऑडलीच्या महालासाठी वेगळा अर्धा दिवस राखून ठेवावा, कारण फेरी तेथे जात नाही. आणि चर्चमध्ये मार्गदर्शकांना शिपायांच्या थकलेल्या पगाराबद्दल आवर्जून विचारावे.